परमुलखातले अन्न आणि आपण

संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण



संस्थेच्या चिटणीसांनी विषय सांगितला तेव्हा आम्हाला आधी हसू आले. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, शैक्षणिक कर्जाला तारण काय लागते, यावर बोला म्हटले असते तर ते आमच्या रोजच्या टेबलावरचे काम होते. चिटणीस म्हणाले, ‘ते सगळे छापील मिळते. परदेशात गेल्यावर पोरं खातात काय, यावर बोला. आयाबाया तेच विचारतात.’

आम्ही स्वतः विलायत पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची धाव बोधगयेपर्यंत. पण बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला घरबसल्या पुष्कळ कळते. मुलाला पैसे पाठवायला आलेले वडील फॉर्म भरून होईपर्यंत बोलत राहतात. फीबद्दल दोन वाक्ये, व्हिसाबद्दल एक, आणि उरलेला सगळा वेळ पोरगं जेवतं की नाही याची चिंता. आपल्या चोपड्याला रेल्वे नाही. धरणगाव किंवा जळगाव गाठून गाडी धरावी लागते. त्या गाडीच्या पुढे विमान, विमानाच्या पुढे लीड्स नाहीतर मेलबर्न. इतक्या लांब गेलेल्या लेकराला आई फोनवर पहिला प्रश्न विचारते तो अभ्यासाचा नसतो. ‘जेवन झायं का रे भाऊ?’ हाच असतो.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. तेव्हापासून आपल्या समाजातील मुले-मुली दरवर्षी बाहेर जात आहेत. त्यांतील बहुतेकांच्या घरातून यापूर्वी कोणी मुंबईपलीकडे गेलेले नव्हते. म्हणून हा प्रश्न आता चार-दोन बड्या घरांचा राहिला नाही, तो आपल्या वस्तीत आला आहे.

आता या प्रश्नाचा सर्वात जवळचा दाखला आपल्याच घरात आहे. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते प्रथम उतरले आणि आठवडाभरातच तेथून बाहेर पडले. चरित्रकार धनंजय कीर यांनी याचे कारण दिले आहे ते जेवणाचे आहे. अन्न नीट शिजवलेले नसे आणि त्यात गोमांस असे. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तेथे काही हिंदी विद्यार्थी होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांचे बस्तान बसले.

जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आम्हाला मात्र ती फार मोलाची वाटते. ज्यांनी पुढे देशाची घटना लिहिली, त्यांनाही पहिल्या आठवड्यात परके अन्न घशाखाली उतरले नाही. मग आपल्या लासूरच्या किंवा अडावदच्या पोराला नाही उतरले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? बाबासाहेबांनी काय केले तेही पाहा. ते कुढत बसले नाहीत, जागा बदलली. एकदा बदलली, पुन्हा बदलली, आणि जेथे जेवण आणि सोबत दोन्ही जमले तेथे राहिले.

आम्ही बँकेतली माणसे, हिशोब केल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती. त्या काळी एका पौंडाला १५ रुपये, म्हणजे १७२ रुपये ८ आणे. डॉलरमध्ये म्हणाल तर एका पौंडाचे ४.८६ डॉलर, म्हणजे महिन्याचे साधारण ५६. आता न्यूयॉर्कमधील त्यांच्या जेवणाचा जो उल्लेख चरित्रात येतो तो असा: एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे छोटे गोल पाव आणि मांसाची किंवा माशाची एक बशी. खर्च एक डॉलर दहा सेंट. रोज एकच वेळ असे जेवले तरी महिन्याचे ३३ डॉलर झाले. उरले २३. त्यात दुसऱ्या वेळचे खाणे, कपडे, पुस्तके आणि घरी रमाईंना पाठवायचे पैसे. ही वजाबाकी करून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. चवीचा प्रश्न वसतिगृह बदलून सुटला. पैशाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. परदेशातले अन्न असा विषय निघाला की सगळे चवीबद्दल बोलतात, पैशाबद्दल कोणी बोलत नाही.

याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला थोडे मागे जावे लागेल. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळली, आणि बैलगाडीच्या त्या रात्रभराच्या प्रवासात त्यांना कोणी पाणी दिले नाही. डब्यात घरचे जेवण भरपूर होते. पाण्यावाचून ते खाता आले नाही. मुले उपाशी झोपली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आता बघा, मुलूख आपला, भाषा आपली, डब्यातील अन्न आईच्या हातच्यासारखे ओळखीचे, आणि तरी पोटात जात नाही. बारा वर्षांनी तोच मुलगा समुद्रापलीकडे गेला. तेथे ताटातले सगळेच परके, पण टेबलावर शेजारी कोण बसले आहे हे विचारून कोणी उठून गेले नाही. युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. ती जाणीव परत आली १९१७ साली बडोद्याला. नोकरीवर रुजू व्हायला गेले तर राहायला जागा नाही. एका पारशी खाणावळीत पारशी नाव सांगून, जेवणासह रोज दीड रुपया देऊन राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले.

ओळखीचे अन्न आणि परके अन्न हा फरक आपण जिभेवर मोजतो. आपल्या समाजाच्या इतिहासात तो पंगतीवर मोजला गेला आहे.

याच महाराष्ट्रातून दुसरी माणसेही बोटीने गेली. त्यांची अडचण वेगळी होती, तीही समजून घेतली पाहिजे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि साडीही सोडली नाही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला क्षयाने गेल्या तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. याला जेवणच कारण झाले असे आम्ही म्हणणार नाही, क्षय त्या काळी कोणालाही होई. पण त्या मुलीच्या डोक्यावर ओझे किती होते याचा विचार करा. ताटात काय पडले यावर परत आल्यावर जात घरात घेणार की नाही हे ठरायचे. १८८८ साली गांधीजी लंडनला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या जातीने त्यांना वाळीतच टाकले. आईला मांस न खाण्याचे वचन दिलेले, त्यामुळे लंडनमध्ये ते अर्धपोटी फिरत राहिले, आणि फॅरिंग्डन स्ट्रीटजवळ शाकाहारी खाणावळ सापडली तेव्हा कुठे पोटभर जेवले. समुद्र तर लांबच राहिला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा-बिस्किटे घेतली, एवढ्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत अडकावे लागले. आणि गंमत अशी, की तो चहाचा कार्यक्रम घडवून नंतर नावे छापून आणणारे गोपाळराव जोशी हे आनंदीबाईंचे पती होते!

त्यांना परक्या ताटाची भीती होती, कारण त्यात गमावण्यासारखे काही होते. आपल्या माणसाला त्या ताटात गमावण्यासारखे काहीच नव्हते. त्याला बसायला पाट मिळत होता. म्हणून मित्रहो, परदेशी अन्नाबद्दलची जुनी धास्ती आपण उगाच उसनी घेऊ नये. ती आपली नव्हेच.

आता पापडाची गोष्ट. ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९२० साली बाबासाहेब अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढी पुंजी. भथेना म्हणजे तेच, लिव्हिंग्स्टन हॉलमधले. एका टेबलावर जेवलेला मित्र सात वर्षांनी कसा उभा राहतो, हे जाता जाता लक्षात ठेवा. लंडनला ज्या बाईंच्या घरी ते राहत, त्या हाताने फार आखडत्या. सकाळी माशाचा एक तुकडा, जॅम लावलेली पावाची चकती आणि चहा. दुपारचे जेवण नाही, दिवसभर ग्रंथालय. रात्री बोव्हरिल नावाच्या मांसाच्या अर्काचा कप आणि बिस्किटे. मध्यरात्री भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे, वर थोडे दूध, आणि पुन्हा पुस्तक.

ही गोष्ट ऐकताना आमचेही डोळे भरून येतात. पण तिचा अर्थ काय घ्यायचा, याबद्दल आम्हाला आज स्पष्ट बोलायचे आहे.

आमच्या ओळखीतील एक विद्यार्थी, नाव सांगत नाही, इंग्लंडला शिकायला गेला. निर्वाह भत्त्याचा हप्ता वेळेवर आला नाही. एक महिना गेला, दोन गेले, तिसरा लागला. हा मुलगा सकाळी पाव, रात्री गरम पाण्यात भिजवलेल्या शेवया, असे दिवस काढत राहिला. घरून फोन आला की स्वयंपाकघरात जाऊन सोबत्याचे भरलेले ताट कॅमेऱ्यासमोर धरायचा. आई समाधानाने फोन ठेवायची. सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरले आणि ऐन परीक्षेत तो आजारी पडला. गावी आला तेव्हा आम्ही विचारले, ‘अरे, सांगितले का नाहीस? समाजात चार माणसे नाहीत का?’ तर म्हणाला, ‘काका, बाबासाहेबांनी पापडावर दिवस काढले. मी कोण तक्रार करणारा?’

मित्रहो, हे अनुकरण नव्हे. बाबासाहेब उपाशी राहिले ते उपास चांगला म्हणून नाही, दुसरा इलाज नव्हता म्हणून. इलाज होता तेव्हा त्यांनी वसतिगृह बदलले, मित्राकडे कर्ज मागितले, महाराजांकडे मदत मागितली. पुढे मधुमेहाने त्यांना फार छळले. त्या काळच्या उपासाशी त्याचा संबंध आम्ही जोडत नाही, तो डॉक्टरांचा विषय आहे. पण ज्या माणसाने आपल्या पोरांना भरल्या ताटावर बसता यावे म्हणून जन्म घालवला, त्याच्या नावाने आपल्या पोराने रिकाम्या पोटी झोपावे, हे त्यांना तरी आवडले असते का?

आणि आपण तर बुद्धाचे नाव घेतो. सिद्धार्थाने कडक तपश्चर्या करून शरीराचा सापळा करून घेतला. मग त्याला उमगले की या वाटेने काही मिळणार नाही, आणि त्याने सुजाताने दिलेली खीर खाल्ली. पाच सोबती रागावून सोडून गेले, त्यांना वाटले हा चैनीला लागला. पण बोधी प्राप्त झाली ती खिरीनंतर. दर पौर्णिमेला आपण खीर वाटतो, ती कशासाठी हे जरा मुलांना समजावून सांगावे.

म्हणून विद्यार्थ्यांनी हे करावे. हप्ता थकला तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कचेरीला सांगावे. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांसाठी बहुतेक विद्यापीठांत काही ना काही निधी किंवा तात्पुरती सोय असते. इंग्लंड, कॅनडात गुरुद्वारे आहेत, आणि गुरुद्वारात लंगर आहे. तेथे कोणालाही जात, धर्म, पासपोर्ट न विचारता पंगतीत बसवून जेवू घालतात. डोके झाकावे, हात धुवावे आणि पोटभर जेवावे. यात कमीपणा नाही. जमल्यास मागे राहून चार भांडी घासावीत, म्हणजे मनालाही बरे वाटते.

आता चवीचा प्रश्न. तो खोटा आहे असे नाही. तिकडचे जेवण आपल्याला तीन गोष्टींनी छळते, असे परत आलेली मुले सांगतात. एक, ते थंड असते. दुपारी पावाच्या दोन चकत्यांत काहीतरी घातलेले. आपल्याकडे तव्यावरची भाकरी थेट ताटात पडते, त्या जिभेला थंड अन्न म्हणजे शिळे अन्न वाटते, आणि शिळ्या अन्नाशी आपल्या आजा-पणज्यांच्या फार कडू आठवणी जोडलेल्या आहेत. दोन, तिखट नसते. तीन, वेळ चुकते. संध्याकाळी सहाला जेवण, आणि डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास अंधार. पोराला कळत नाही की भूक लागली आहे की घर आठवले आहे.

‘इंडियन’ पाटी लावलेल्या हॉटेलात गेले की हे सुटेल असे समजू नये. विलायतेतील अशी बरीच हॉटेले बांगलादेशातील सिल्हेटच्या लोकांनी उभी केलेली आहेत. जेवण बरे असते, पण तेथे शेवभाजी मागाल तर वाढपी तुमच्याकडे बघतच राहील.

पण आपले अन्न तरी आपले किती, हेही एकदा तपासून पाहू. खान्देशी माणसाला भरीत आणि कळण्याची भाकरी यापलीकडे स्वर्ग नाही. त्या ताटातले वांगे इकडचे. कळण्यातला उडीदही इकडचा. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी आलेली. हिरवी मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांची जहाजे फिरू लागल्यावर इकडे पोहोचले. बटाटा, टोमॅटो, मका यांचीही तीच कथा. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी चोपड्यात ठेचा नव्हता! ज्याने पहिल्यांदा मिरची चावली असेल त्याने काय तोंड केले असेल, कोण जाणे.

इतके लांबही जायला नको. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली. लाल, जाड, अमेरिकेची. आमच्या घरातील वडीलधारी अजून तिचे नाव काढले की तोंड वाकडे करतात. भाकरी थापली जाईना, थापली तर गिळवेना. पण खाल्ली, आणि त्या भाकरीवर माणसे जगली. ही मिलो म्हणजे दुसरेतिसरे काही नव्हते, ज्वारीचीच एक जात होती. परके अन्न खायला आपली माणसे परदेशी गेली नाहीत, ते अन्नच खडी फोडायच्या कामापर्यंत चालत आले. ज्यांच्या आजीने दुष्काळी कामावर मिलो आणि सुकडी पचवली, त्यांना ओट्सची पेज अवघड जाऊ नये.

आणि एक ओळखीची वस्तू तर सगळीकडे भेटते. लंडनच्या दुकानात केळी असतात ती बहुधा इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिकाकडची. पण जात पाहाल तर आपल्या शिवारातल्या ग्रँड नैनच्याच गोतातली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. तरीही पहिल्या दिवशी काही उतरले नाही तर केळी खावी. चव पाहून वाटेल की तापीकाठचे कोणीतरी भेटले.

आता मांसाहार-शाकाहार. यावर घराघरांत वाद आहेत, म्हणून थोडे बोलतो. धर्मानंद कोसंबी हे आपल्या गोव्यातील साखवाळचे. बौद्ध धम्माच्या ओढीने १९०२ साली ते सिलोनला पोहोचले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पाली शिकले. पुढे १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’च्या कामासाठी हार्वर्डलाही गेले. ते शाकाहारी, आणि सिंहली स्वयंपाकात मालदीवच्या सुकवलेल्या माशाचा चुरा भाजीतसुद्धा पडतो. त्यामुळे जेवणाची त्यांची चांगलीच अडचण झाली. पण तेवढ्यावरून त्यांनी सिंहली भिक्षूंना नावे ठेवली नाहीत, आणि भिक्षूंनीही त्यांना शिकवायचे थांबवले नाही. विनयात सांगितले आहे की भिक्षापात्रात जे पडेल ते भिक्षूने खावे. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला तर ते मांस घेऊ नये. मासे-मांस सगळ्या भिक्षूंना बंदच करा, असा आग्रह देवदत्ताने धरला होता. भगवंतांनी तो मान्य केला नाही. ज्याला सोडायचे त्याने सोडावे, दुसऱ्यावर सक्ती नको. तुम्ही काय खावे ते तुमचे तुम्ही ठरवा. पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचायची सवय ठेवा. पाचव्या शीलाचे मात्र तसे नाही. मित्रांबरोबर पबमध्ये जायची वेळ आली तर संत्र्याचा रस मागवावा. तिकडे कोणी आग्रह करून पाजत नाही, आग्रह करणारे बहुतेक आपल्याकडचेच असतात.

हे सांगितले ते एका खास कारणाने. आमच्या परिचयातील एक मुलगी तिकडे शिकायला गेली आणि आपल्याच देशातील चार मुलींबरोबर घर घेऊन राहिली. आपली माणसे, आपली भाषा, म्हणून घरच्यांना बरे वाटले. पहिल्या दिवशी प्रश्न आला, ‘तू प्युअर व्हेज ना?’ ही म्हणाली, ‘अंडी खाते, मासे खाते.’ मग आडनाव विचारले गेले. मग कोणत्या शिष्यवृत्तीवर आलीस तेही. आठवड्याने तिची भांडी वेगळ्या फळीवर गेली. महिन्याने फ्रिजमधला तिचा कप्पा वेगळा झाला आणि त्यावर कागद चिकटवला गेला. भांडण कोणी केले नाही, सगळे अगदी गोड बोलून. मसूर स्टेशनचे पाणी असे विमानात बसून लंडनपर्यंत जाते. शाकाहार हा दोष नव्हे, कोसंबी शाकाहारीच होते. दुसऱ्याचे ताट विटाळ मानणे हा दोष आहे, आणि तो कोणत्या नावाखाली येतो ते आपल्या मुलांना ओळखता आले पाहिजे.

त्या मुलीने पुढे काय केले ते ऐका. ती घर सोडून एका नायजेरियन मुलीबरोबर राहू लागली. ही मुलगी उत्तर नायजेरियातली. एक दिवस ती पातेल्यात पीठ रटरटत होती. आपलीने वास ओळखला. ज्वारी! तिकडे ज्वारीच्या पिठाचे तुवो करतात, आपल्या घाट्याच्या जवळचे, जरा घट्ट. पीठ कुठून आणलेस म्हणून विचारले तर आफ्रिकन दुकानाचा पत्ता मिळाला. पुढच्या रविवारी हिने भाकरी थापली, तिने रस्सा केला. आपण म्हणतो आपली माणसे, आपली माणसे. ती कुठे भेटतील हे आधी सांगता येत नाही.

सोबत काय न्यावे, याबद्दल माता-भगिनींना दोन शब्द. काळा मसाला, उडदाचे पापड, बिबडे, शेंगदाण्याची चटणी, हे जाते. तूप, पेढे, खवा आणि मांसाचे सुके पदार्थ विलायतेत व युरोपात नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने खाण्याची प्रत्येक वस्तू कागदावर लिहून दाखवावी. लपवली तर मोठा दंड होतो. तांदूळ, डाळी सगळीकडे मिळतात, त्यांचे वजन वाहू नये. छोटा कुकर जरूर द्यावा. आणखी एक सूचना. तिकडच्या घरांत धुराचा भोंगा असतो. मिरच्या तव्यावर परतायला घेतल्या की तो बोंबलतो आणि सगळी इमारत खाली येऊन उभी राहते. खिडकी उघडून, मंद आचेवर, थोड्या थोड्या मिरच्या परताव्यात.

पण या सगळ्या सामानापेक्षा हाताला स्वयंपाक येणे जास्त उपयोगाचे. बाबासाहेबांना पुढे स्वतः स्वयंपाक करून लोकांना जेवू घालायची हौस होती, असे त्यांच्या सहवासातील माणसांनी लिहून ठेवले आहे. आपल्याकडे मात्र मुलगा एम.एस्सी. होतो तरी त्याला वरणाला फोडणी घालता येत नाही, आणि आईला त्याचे कौतुक वाटते! मुलींना येते, कारण त्यांच्या गळ्यात ते बांधलेलेच असते. आम्ही परत आलेल्या मुलांना विचारले, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितले: पहिले तीन महिने स्वयंपाक येत नव्हता म्हणून गेले. पैसे गेले, वजन गेले आणि मनही गेले.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे आणि अध्यक्षांनी ती मान्य केली आहे. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी विहाराच्या मागील खोलीत स्वयंपाकाचा वर्ग भरेल. चार रविवार. पहिल्या रविवारी वरण-भात, दुसऱ्या रविवारी भाकरी, तिसऱ्या रविवारी एक रस्सा आणि एक कोरडी भाजी, चौथ्या रविवारी अंडी आणि कडधान्ये. शेगडी विजेची ठेवू, कारण तिकडे जाळ नसतो आणि भाकरी फुगवायची युक्ती वेगळी करावी लागते. शिकवायला वस्तीतील दोन भगिनी तयार आहेत. तवा, परात आणि पहिल्या दिवशीचे ज्वारीचे पीठ आमच्याकडून. शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यांनी भरले आहेत त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे. मुलगे आले नाहीत तर वर्ग होणार नाही, असे त्या दोघींनी आम्हाला बजावले आहे.

जयभीम.